घंटेआधी तोंडं मोजा

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, बत्तीस वर्षं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात फर्मे जुळवतायत. छापलेला मोठा कागद घडी घालून येतो, त्या घडीला फर्मा म्हणतात. लांबलचक टेबलावर ओळीने गठ्ठे ठेवलेले असतात. वन्संनी टेबलाभोवती फिरायचं आणि एकेका गठ्ठ्यातला एकेक फर्मा उचलत पुस्तक पुरं करायचं. एक जरी राहिला तरी वाचणाऱ्याची सोळा पानं गायब. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून असं एकही पुस्तक बाहेर गेलेलं नाही. हे त्या कुणाला सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. घरातही त्यांचं मोजणं थांबत नाही, आणि त्याचा जाच मला. चमचे मोजतील, जिन्याच्या पायऱ्या मोजतील, मी एखादी गोष्ट कितव्यांदा सांगतेय तेही मोजतील. "वहिनी, हे चौथ्यांदा झालं." आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं, सांगा!

लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात. खोलीत एक पलंग, एक शिलाई मशीन, खिडकीत चालायचे बूट. बूट खिडकीत का, तर ते नीट वाळले पाहिजेत. त्या बुटांची जेवढी काळजी त्यांनी घेतली तेवढी मी माझ्या दोन मुलांची घेतली नसेल.

हे बूट बेटासाठी. आमच्या गावापासून लाँचने पाऊण तासावर एक बेट आहे, सगळं जंगलच जंगल. वस्ती नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. पलीकडच्या टोकाला वनरक्षकाची चौकी, बस्स. पानगळ सुरू झाली की आठ रविवार लाँच तिथे थांबते, एरवी नाही. त्या आठ रविवारी आमच्या इथलं चालणाऱ्यांचं मंडळ बेटावर जातं. सकाळी धक्क्यावर उतरायचं, डोंगराच्या कडेकडेने फेरी मारायची आणि साडेचारच्या लाँचने परत यायचं. उतरलं की धक्क्यावरच्या शेडमध्ये भिंतीला खाचांची एक लांब फळी आहे. तिच्यात नंबर घातलेल्या वीस काठ्या. जाताना प्रत्येकाने एक काठी घ्यायची, येताना तिच्या खाचेत परत ठेवायची. सगळ्यांच्या मागून एकजण लाल पट्टा घालून चालतो, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. तो शेडमध्ये आला की फळी बघतो. फळी भरली म्हणजे सगळे आले. मग त्याने शेडची घंटा वाजवायची, आणि घंटा झाली की बोटवाला दोर सोडतो. मंडळाची ही पद्धत माझ्या लग्नाआधीपासूनची आहे. आणि नऊ वर्षं तो लाल पट्टा आमच्या वन्संकडे होता.

गेल्या वर्षी तिसऱ्या रविवारी घोटाळा झाला. मंडळात एक रिटायर पोस्टमन होते. सडसडीत, कमी बोलणारे, काठी नंबर सात. उतरताना कुणा मुलीचा गुडघा दुखायला लागला, तर यांनी आपली काठी तिला देऊन टाकली. मग वन्संना म्हणाले, "मी पुढे जातो," आणि झपाझप निघाले. वन्संना वाटलं, गेले पुढे. ते गेले होते आडवाटेने, भलत्याच दिशेला. तिकडे खड्ड्यात पडले आणि घोटा मुरगळला. मुलगी दोन काठ्या टेकत खाली आली आणि शहाण्यासारखी दोन्ही काठ्या फळीवर ठेवून बोटीत बसली. वन्सं आल्या. फळी बघितली, वीसच्या वीस. घंटा वाजवली.

लाँचला दोन मजले. कोण वर बसलंय, कोण खाली डुलक्या काढतंय, कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. पोस्टमनच्या मुलीने फोनाफोनी केली तेव्हा कुठे कळलं, आणि तोवर पाणी एवढं खवळलं होतं की बोट घालायला कुणी तयार होईना. सकाळी वनरक्षकाला ते सापडले. घोटा सुजलेला, अंगात ताप, पण जीव होता. देवाची कृपा, दुसरं काय!

मंडळाचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर आहेत. माणूस सज्जन. एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या रविवारी फक्त लाल पट्टा स्वतःच्या गळ्यात घालून आले. वन्संनी बघितलं आणि आपली काठी उचलून चालायला लागल्या. मला मात्र असा संताप आला! चार शब्द ऐकवले असते तरी परवडलं असतं, ही मुकाट्याने काढून घेण्याची तऱ्हा कसली? मी म्हटलं, "मी जाते डॉक्टरांकडे, माझी दाढ दुखतेच आहे, दोन्ही कामं उरकून येते."

"वहिनी, तू दाढ दाखव," वन्सं म्हणाल्या. "पट्ट्याचं काढू नकोस. पट्टा गेला ते बरोबरच झालं."

"बरोबर कसं? काठ्या वीस होत्या ना? तुमची काय चूक?"

"मी काठ्या मोजल्या. माणसं मोजायची होती."

त्यानंतर पोस्टमन मंडळात आले नाहीत. वन्सं जात राहिल्या, सगळ्यांच्या मध्ये, मान खाली घालून. कारखान्यात त्या एक पुस्तक दोनदा मोजायला लागल्या, मग तीनदा. मुकादम मला बाजारात भेटला तर म्हणाला, तुमच्या नणंदबाईंना झालंय काय, काम निम्म्यावर आलंय. या बाईचं मोजणं म्हणजे तिचा श्वास. त्यावरचाच विश्वास उडाला तर ती उभी कशावर राहणार?

या वर्षी पानगळीचे वेध लागले तशा एक दिवस वन्सं जेवताना ताडकन म्हणाल्या, "मी त्यांना परत बेटावर नेणार. स्वतःच्या पायांनी जातील, माझ्यासमोर परत येऊन बोटीत बसतील. तोवर माझी ती मोजणी पुरी झालेली नाही."

माझा नवरा म्हणाला, "अगं, तो माणूस तुझं तोंडही बघणार नाही."

"मग मी त्यांचं बघीन," म्हणाल्या, आणि ताट उचलून गेल्या.

दर बुधवारी कारखाना सुटला की वन्सं पोस्टमनच्या घरी. दुसरा मजला, निळं दार. दार उघडायची त्यांची मुलगी, अर्धंच. "बाबा झोपलेत." वन्सं म्हणायच्या, "बरं. पुढच्या बुधवारी येते." बास. ना चिठ्ठी, ना रडारड. असे आठ बुधवार झाले. तिकडे पानगळीचे पाच रविवार निघून गेले, आणि वन्संचं आपलं चालूच. नवव्या बुधवारी माझा संयम सुटला. मी पदर खोचला आणि म्हटलं, आज मी येते बरोबर, बघतेच संध्याकाळी साडेपाचला हा माणूस किती झोपतो ते.

मुलीने दार अर्धं उघडलं. मी म्हटलं, "बाळ, झोपले असतील तर झोपू देत. आम्ही बसतो. माझे पाय दुखतायत, दोन मजले चढून आलेय." आणि शिरले आत. वजनदार असण्याचा एक फायदा असतो, लोक बाजूला होतात.

पोस्टमन खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. आम्हाला बघून उठले, अवघडले. वन्संनी पिशवीतून काय काढलं असेल? सात नंबरची काठी! आखूड असते म्हणून पिशवीत मावली, अर्धी बाहेर होती. वर्षभर त्यांनी ती पलंगाखाली ठेवली होती म्हणे. मी रोज केर काढते, मला पत्ता नाही.

"ही फळीवर दुसऱ्याच कुणीतरी ठेवली होती," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही ठेवायची आहे."

पोस्टमननी काठीला हात लावला नाही. म्हणाले, "ताई, तुमचा दोष नाही. काठी मी दिली. पुढे जातो म्हणून खोटं बोललो, मला तिकडची झाडं बघायची होती. चाळीस वर्षं घरोघर पत्ते शोधत हिंडलो आणि एका टेकडीवर वाट चुकलो. लाज वाटते मला, म्हणून येत नाही."

"दोष माझाच आहे," वन्सं म्हणाल्या. "घंटा मी वाजवली."

पोस्टमननी रेडिओ बंद केला. मग ते म्हणाले, "घंटा ऐकू आली मला. खड्ड्यात पडलो होतो, ओरडत होतो, आणि खालून घंटा आली. थंडी, ताप ते काही नाही हो. ती घंटा मात्र अजून कानात आहे. ऐकली आणि कळलं, गेले सगळे."

वन्संचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "शेवटच्या रविवारी सकाळी आठला धक्क्यावर," म्हणाल्या. "मी वाट बघेन. तुम्ही नाही आलात तर पुढच्या वर्षी बघेन." काठी टेबलावर ठेवली आणि उठल्या.

जिना उतरताना मला म्हणाल्या, "वहिनी, तूही यायचंस."

"मी? मला चालायचं म्हणजे पलंगापासून गॅसपर्यंत."

"म्हणूनच. आपल्यापेक्षा हळू चालणारं कुणीतरी आहे हे बघून त्यांना धीर येईल."

बघा, म्हणजे बेटावर माझा उपयोग हा! पण गेले. न जाऊन सांगते कुणाला?

शेवटच्या रविवारी आठला पाच कमी असताना पोस्टमन आले. हातात काठी, गळ्यात मफलर. वन्संनी नुसती मान हलवली. दाताच्या डॉक्टरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. आम्ही एकूण एकोणीस जण होतो. मला काठी मिळाली अकरा नंबरची.

जंगल सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पिवळी, तांबडी पानं, पायाखाली घोट्याएवढा थर, चालताना नुसता सळसळाट. पण चढ म्हणजे चढ. मी दर वळणावर बसले आणि दर वळणावर मंडळाला शिव्या घातल्या. पोस्टमन माझ्या शेजारी थांबायचे, एखाद्या झाडाचं नाव सांगायचे. वन्सं चार पावलं मागे. त्यांच्याही मागे लाल पट्टा घालून डॉक्टर. उतार लागला तशी पोस्टमनची पावलं हलकी झाली, शीळबीळ घालायला लागले. वन्सं पुढे होऊन त्यांच्या बरोबरीने चालू लागल्या. नजर म्हणून हटवेनात.

आणि नेमकं तिथे मला आडोशाला जायची वेळ आली. आता हसू नका. सकाळपासून तीन कप चहा प्यायले होते, माणूस आहे मी. डॉक्टर पाठीमागे, त्यांना कसं सांगणार? पुढे भूगोलाच्या बाई होत्या, शाळेत शिकवतात. मी त्यांच्या हातात काठी दिली आणि कानात सांगितलं, "जरा धरा, आलेच मी, सगळ्यांना थांबायला सांगा." बाईंनी मान हलवली. कुणाला तरी कसल्याशा नदीबद्दल समजावून सांगत होत्या, ते काही थांबलं नाही. मी लांबच्या झुडपांमागे गेले. डॉक्टर कुणाशी तरी बोलत पुढे निघून गेले असणार. सगळ्यांच्या मागे आपण आहोत असंच त्यांना वाटत होतं.

बाहेर आले तर कुणी नाही. वाट कुठे? सगळीकडे पानंच पानं, एकसारखी. ही वाटही पानांची, तो उतारही पानांचा. मी आपली खाली जाणारं दिसलं तिकडे निघाले. पन्नास पावलं, शंभर पावलं, आणि धप्प! पानांखाली खड्डा. कमरेएवढा असेल, पण माझ्यासारखीला कमरेएवढा म्हणजे विहीर. पाय वळला. वर चढायला हातात काठीसुद्धा नाही.

आणि तेव्हा, बसल्या जागी, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काठी. माझी काठी भूगोलाच्या बाईंच्या हातात. त्या ती अकरा नंबरच्या खाचेत ठेवणार. फळी भरणार. वर्षभर ज्या गोष्टीवरून मी अख्ख्या जगाला नावं ठेवली ती मी स्वतःच करून बसले होते.

घड्याळात चार पंचवीस. मी ओरडले. पंधरा मिनिटं उतरण होती अजून, कुणाला ऐकू जाणार? पण वारा खालून वर येत होता, घंटा मला नक्की ऐकू आली असती. मी ओरडायची थांबले आणि कान देऊन बसले. साडेचार. मी देवाला म्हटलं, नको वाजू देऊस. चार पस्तीस. पानं पडतायत, बाकी काही नाही. चार चाळीस. घंटा वाजत नव्हती. तेव्हा मला रडू फुटलं, भीतीने नाही. खाली कोण उभं आहे घंटेसमोर, हे मला कळलं होतं.

खाली काय झालं ते मला नंतर पोस्टमननी सांगितलं. डॉक्टरांनी फळी बघितली, सातची सोडून एकही खाच रिकामी नाही, आणि सातची काठी समोरच पोस्टमनच्या हातात. घंटेच्या दोरीला हात घातला. वन्संनी त्यांचा हात धरला. "आधी तोंडं मोजा," म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, फळी भरलीय. बोटवाला ओरडायला लागला, पाणी उतरायच्या आत निघायचंय. लोकही कुरकुरले. वन्संनी दोरी काढून खुंटीला गुंडाळली आणि सगळ्यांना बोटीतून खाली उतरवलं. टेबलावरचे फर्मे मोजावेत तसं एकेकाच्या खांद्याला हात लावत निघाल्या. अठरा. पुन्हा मोजलं नाही. वर्षभर तीन-तीनदा मोजणारी बाई, पण त्या दिवशी एकदाच. "वहिनी नाही," म्हणाल्या. भूगोलाच्या बाईंनी कपाळावर हात मारला.

डॉक्टर पांढरे पडले. शोधायचं कुठे, एवढं जंगल. तेव्हा पोस्टमन पुढे झाले. "पानं पडली की त्या वळणावर वाट एकाच बाजूला चुकते," म्हणाले. "मला माहीत आहे कुठे ते. चला."

मला पहिल्यांदा आवाज आला तो वन्संचा. "वहिनी!" आयुष्यात मी त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. मग पानांत धाडधाड पावलं आणि खड्ड्याच्या काठावर दोन चेहरे. पोस्टमन पालथे पडून हात खाली करत होते. "हाच," म्हणाले, "अगदी हाच खड्डा." वन्सं खाली उतरल्याच. मला मिठी मारली आणि मग जी बोलायला लागल्या! अक्कल गहाण टाकलीस का, काठी देतात का कुणी हातची, वय काय तुझं. सगळं मी वर्षभर दुसऱ्यांना बोलले तेच. मी मुकाट ऐकून घेतलं.

"सातव्यांदा सांगताय," मी म्हटलं. तेव्हा कुठे हसल्या.

दोघांच्या खांद्यांवर हात टाकून मी धक्क्यावर आले. बोटवाला थांबला होता, फणफणत पण थांबला होता. डॉक्टरांनी गळ्यातला लाल पट्टा काढला आणि एक शब्द न बोलता वन्संच्या गळ्यात घातला. जसा काढून घेतला होता तसाच दिला. यावेळी मला राग आला नाही.

मला बोटीत बसवलं. वन्संनी सगळ्यांना परत मोजत आत घेतलं. पोस्टमन शेडमध्येच राहिले होते. त्यांनी सात नंबरची काठी तिच्या खाचेत ठेवली, नीट बसली का ते बघितलं. वन्संनी घंटेची दोरी त्यांच्यापुढे धरली.

"नको," ते म्हणाले. "तुम्हीच वाजवा. पण थोडं थांबा. मी आधी बोटीत जाऊन बसतो. मला ती बोटीत बसून ऐकायची आहे."

ते आले आणि माझ्या शेजारी बसले. मफलर सारखा केला, हात मांडीवर ठेवले. वन्सं शेडमधून आमच्याकडे बघत होत्या. पोस्टमननी मान हलवली, आणि वन्संनी घंटा वाजवली.